बातमीशेजारी बातमी ठेवून वाचताना

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाचा एक विभाग असतो. त्यात मुलांनी बातमी तयार करायची असते, जाहिरात तयार करायची असते. आम्ही शिक्षक वर्षभर त्याचा सराव घेतो. शीर्षक कसे द्यावे, ठिकाण आणि तारीख कुठे लिहावी, बातमी भूतकाळात कशी लिहावी, हे मुलांना तोंडपाठ होते. उर्दू माध्यमातली आमची मुलेही यात मागे नाहीत. पण समोर आलेली बातमी वाचायची कशी, हे मात्र त्यांना फारसे कोणी शिकवत नाही. जणू अक्षरे जुळवता आली की वाचन आपोआप येते! हीच मुले संध्याकाळी घरी जातात तेव्हा बैठकीत टीव्ही चालू असतो आणि अम्मी-अब्बांच्या हातात मोबाइल असतो. एकाच घटनेबद्दल टीव्ही एक सांगतो, मोबाइल दुसरेच सांगतो. यातले खरे कोणते, हे मुलाने कोणाला विचारावे?

आपल्या घरांत हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण पुष्कळदा बातमी आपल्याबद्दलचीच असते. २०२० सालचे मार्च आणि एप्रिल हे महिने आठवून पाहा. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये मार्चच्या मध्यावर तबलिगी जमातीचा इज्तिमा झाला. २२ तारखेला जनता कर्फ्यू लागला, रेल्वेगाड्या थांबल्या आणि २५ पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मरकजच्या इमारतीत दोन हजारांहून अधिक माणसे राहिली. महिनाअखेरीस त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना लागण झालेली होती. तेलंगणात परत गेलेल्यांपैकी सहा जणांच्या मृत्यूची बातमीही त्याच सुमारास आली. इथवर कोणाचा वाद नाही, आणि आपणही तो घालू नये. साथीच्या दिवसांत इतकी माणसे एका छताखाली राहणे धोक्याचे होते हे खरेच आहे.

पण त्याच दिवसांत देशभर ठिकठिकाणी यात्रेकरू, मजूर, वसतिगृहांतले विद्यार्थी असे कितीतरी लोक जागच्या जागी राहून गेले होते. त्यांच्यासाठी बातम्यांत शब्द होता ‘अडकले’. जमातीच्या लोकांसाठी अनेक वाहिन्यांनी शब्द वापरला ‘लपले’. बातमीतले आकडे, गाव, तारीख एकवेळ बरोबर असतील, पण त्या एका क्रियापदाने माणसाचा गुन्हेगार केला.

आम्ही वर्गात हे फळ्यावर करून पाहतो. कोणाचे नाव न घेता चार वाक्ये लिहितो. मशिदीत बारा जण अडकले. मशिदीत बारा जण लपले होते. मशिदीत बारा जण आढळले. मशिदीत बारा जणांनी आसरा घेतला. माणसे तीच, जागा तीच. मग मुलांना विचारतो, या बारा जणांबद्दल तुम्हाला काय वाटते? अडकलेला बिचारा असतो, लपलेला चोर असतो, हे नववीतली मुले झटकन सांगतात. ‘आढळले’पाशी ती थबकतात. एका वर्षी एका मुलीने सांगितले की, या वाक्यात शोधणारा कोणीतरी आहे, फक्त तो दाखवलेला नाही. व्याकरणाच्या तासाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोकून घेताना आमच्या वाट्याला असे उत्तर क्वचितच येते.

दोन भाषा घरात असण्याचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. तो आपण वापरत नाही. मरणाच्याच बातम्या घ्या. उर्दू अखबारात कोणी ‘जांबहक’ होतो, कोणी ‘हलाक’ होतो, कोणी ‘शहीद’ होतो. तिन्हींचा अर्थ एकच, माणूस गेला. पण बेकसूर माणसासाठी पहिला शब्द येतो, ज्याच्याबद्दल लिहिणाऱ्याला ओलावा नाही त्याच्यासाठी पुष्कळदा दुसरा, आणि ज्याचे मरण त्याला मोठे वाटते त्याच्यासाठी तिसरा. मराठीतही असेच आहे. कोणाचा ‘मृत्यू’ होतो, कोणी ‘बळी’ पडतो, कोणी ‘ठार’ होतो, कोणाला ‘वीरमरण’ येते आणि कोणाचा ‘खात्मा’ केला जातो. एखादी दंगल किंवा चकमक झाली की दुसऱ्या दिवशीचा उर्दू पेपर आणि मराठी पेपर शेजारी शेजारी ठेवावेत आणि फक्त मरणाच्या शब्दांखाली रेघ ओढावी. कोण कोणाच्या बाजूने उभा आहे हे बातमीच्या मजकुराआधी त्या रेघा सांगतात. आणि हो, यात उर्दू पेपर निर्दोष ठरत नाही. तोही आपल्या माणसासाठी शब्द राखून ठेवतो.

नामांचेही तसेच. नगरपालिकेने बुलडोझर फिरवला की एका पेपरात ‘अतिक्रमण हटवले’ असते, दुसऱ्यात ‘घरे पाडली’ असते. पहिल्या बातमीत माणूस नाही, जागा मोकळी झाली एवढेच आहे. दुसरीत भांडीकुंडी रस्त्यावर आली आहेत, पण बांधकामाला परवानगी होती की नाही, नोटीस दिली होती की नाही, हे बहुधा शेवटच्या ओळीत ढकललेले असते, नाहीतर गाळलेलेच असते. दोन्ही वाचल्याशिवाय पूर्ण गोष्ट हाती लागत नाही. फक्त पहिली वाचणारा मुलगा कठोर होतो आणि फक्त दुसरी वाचणारा मुलगा कायद्याची बाजू कधी शिकतच नाही.

आता आकड्यांकडे वळू. आकडा दिसला की शिकलेली माणसेही मान डोलावतात. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ रुग्णांचा संबंध मरकजशी आहे. म्हणजे जवळजवळ तीस टक्के. आकडा सरकारी होता आणि तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनी मुलांसमोर वेगळाच प्रश्न ठेवला: या ४,२९१ रुग्णांसाठी किती जणांची तपासणी केली, आणि उरलेल्या रुग्णांसाठी किती जणांची? मरकजला गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना त्या दिवसांत गावोगाव शोधून काढले जात होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अशा पंचवीस हजारांहून अधिक लोकांना विलगीकरणात ठेवल्याचे गृह मंत्रालयाने सांगितले होते. त्या काळात तपासणीची साधने थोडी होती आणि साधा सर्दी-खोकला असलेल्या माणसाला तपासणी मिळणे अवघड होते. ज्या विहिरीत पोहरा सोडाल तिचेच पाणी वर येणार. शोधून काढणे चूक नव्हते, ते साथ रोखण्यासाठी गरजेचे होते. पण ‘तीस टक्के’ हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि तपासणीची बाब कुठेच नाही, अशी बातमी वाचणाऱ्याचा समज भलत्याच वाटेला जातो. टक्केवारी दिसली की ‘कशापैकी?’ आणि ‘मोजले कोणाला?’ हे दोन प्रश्न मुलाच्या ओठांवर आले पाहिजेत. सहावी-सातवीचे गणित त्यासाठी पुरेसे आहे.

छायाचित्राबद्दल थोडक्यात सांगतो. १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर परगावच्या मजुरांची गर्दी जमली. त्यांना गावी जायचे होते. स्थानकाजवळ जामा मशीद आहे. काही वाहिन्यांवरच्या चर्चेत स्थानक मागे पडले आणि मशीद पुढे आली. कॅमेरा कुठे उभा होता आणि चौकटीबाहेर काय राहिले, हे विचारायची सवय मुलांना लावणे फार सोपे आहे. मोबाइलवर एकाच अंगणाचे दोन बाजूंनी फोटो काढायला सांगा. एकात कचऱ्याचा ढीग येईल, दुसऱ्यात आजीने लावलेली मोगऱ्याची कुंडी.

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी पुष्कळजण मान हलवत असतील की बरोबर, मीडिया आपल्याविरुद्धच असतो. आम्हाला खरी काळजी इथेच वाटते. टीव्हीवरचा विश्वास उडालेला मुलगा कशावरच विश्वास ठेवत नाही असे होत नाही. तो मोबाइलवर ‘आपल्या’ माणसाने पाठवलेल्या कशावरही विश्वास ठेवतो. मालेगावचे उदाहरण घ्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश देशभर फिरत होते. सोबत एक चित्रफीत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. ती आपल्या गावातलीच वाटे. प्रत्यक्षात ती कराचीची होती आणि हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला. आणखी एका संदेशात ओळीने ठेवलेल्या मृत मुलांचे दृश्य होते. ते २०१३ साली सीरियातील घौता भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातले होते.

या अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच रात्री मालेगावात एका मुस्लिम वस्तीत परगावच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यांच्यासोबत लहान मूल होते. मोहल्ल्यातल्याच काहींनी त्यांना घरात घेतले, दार लावले आणि पोलिस येईपर्यंत जमावाला थोपवून धरले, म्हणून ते वाचले. दाराबाहेर ओरडणारे आणि दाराच्या आत उभे राहिलेले, दोन्ही आपलेच लोक होते. तो संदेश कोणत्याही वाहिनीने दाखवला नव्हता. तो घराघरांतून, मामूकडून खालाकडे, खालाकडून शेजारणीकडे गेला होता, तोही काळजीपोटी. त्यानंतर व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसेल अशी सोय केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. खूण आजही दिसते. ती पाहून कितीजण थांबतात हे आपापल्या घरच्या ग्रुपवर बघावे.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. या वेळी समाजमाध्यमांवर लगेच मुसलमानांकडे बोट दाखवले गेले. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, असे राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी २२ एप्रिलला यादीसह सांगितले. मधले सहा दिवस मोजून ठेवण्यासारखे आहेत. पहिल्या दिवसाची बातमी आणि सातव्या दिवसाची बातमी शेजारी ठेवणे ही देखील तुलनाच आहे. दोन पेपर विकत घ्यायला जमत नसेल त्याने एकच पेपर आठवडाभर जपून ठेवावा.

आपल्याला आवडणारी बातमी तपासणे सर्वांत कठीण. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवर आणि काही भारतीयांवर दाखल झालेले गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात माध्यमांतील प्रचारावर कडक शब्दांत टीका केली आणि या परदेशी लोकांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. आपल्या घरांत तो निकाल ईदच्या चंद्रासारखा पोहोचला आणि ते साहजिकही होते. पण त्या खंडपीठावर दोन न्यायमूर्ती होते. न्या. एम. जी. सेवलीकर यांनी गुन्हे रद्द करण्याला सहमती दिली आणि नलावडे यांच्या काही निरीक्षणांशी मात्र आपण सहमत नसल्याची नोंद वेगळी केली. आमच्यापर्यंत पुढे सरकत आलेल्या डझनभर संदेशांपैकी एकातही ही दुसरी नोंद नव्हती. ती असती तर निकालाचे मोल कमी झाले नसते, गुन्हे रद्द झालेच होते. मात्र तो संदेश वाचणाऱ्या मुलाला न्यायालयात मतभेद कसा नोंदवला जातो हे कळले असते. शिवाय शाळेत कोणी त्याला ही नोंद दाखवली तर तो गडबडून गेला नसता.

ही रीत आपल्यासाठी परकी नाही. खबर आणणारा कसा आहे हे पाहून तिची छाननी करण्याचा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे, हे मदरशात जाणारे लहान मूलही जाणते. पण त्यापुढे जाऊन मुहद्दिसांनी त्याचे शास्त्र केले. कोणी कोणाकडून ऐकले, त्या दोघांची भेट शक्य होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, याची पारख झाली. इमाम मुस्लिम यांच्या सहीहमध्ये एकाच हदीसच्या वेगवेगळ्या रिवायती एका जागी पाठोपाठ मांडलेल्या आहेत आणि कोणत्या रावीने कोणता शब्द वेगळा सांगितला हेही नोंदवलेले आहे. एका शब्दाच्या फरकाची एवढी कदर करणाऱ्यांचे आपण वारस, आणि ‘जसे आले तसे पाठवले’ असे लिहून रात्री अकराला संदेश पुढे ढकलतो! त्या वाक्याचा अर्थच मुळी सनद नाही असा होतो.

घरी हे कसे करावे, असे पालकसभेत माता विचारतात. आम्ही सांगतो, रविवारची पाऊण तासाची बैठक पुरे. एक मराठी पेपर, एक उर्दू पेपर, एक लाल पेन. उर्दू वाचता येत नसेल तर दोन वेगळ्या मालकांचे मराठी पेपर घ्यावेत, तेही नाही तर सार्वजनिक वाचनालयात जावे. आधी मोठ्यांनी मत देऊ नये, मुलाला बोलू द्यावे. दोन्हींत असलेली एकच बातमी निवडावी आणि बोलके शब्द कोणाचे छापले आहेत ते पाहावे. पोलिसांचे? पुढाऱ्याचे? ज्याच्यावर गुजरले त्याचे आहेत का? बायकांशी कोणी बोलले आहे का? मोहल्ल्याची बातमी असूनही मोहल्ल्यातला एकही माणूस तिच्यात बोलत नाही, असे कितीदा आढळते ते बघून मुले चकित होतात. सुरुवात मात्र क्रिकेटच्या किंवा पाणीटंचाईच्या बातमीने करावी, धार्मिक तणावाच्या बातमीने करू नये. हात बसला की मग अवघड बातमी घ्यावी. आमच्या अनुभवात घाईने तशी बातमी घेतलेल्या घरी बैठकीचे भांडण झाले आणि दुसऱ्या रविवारी बैठकच झाली नाही.

आणि चुकीचे आढळले तर? नुसते चिडून उपयोग नाही. वृत्तपत्राच्या संपादकाला पत्र लिहावे, उत्तर न आल्यास भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येते. वाहिनीबद्दल आधी वाहिनीकडे आणि मग तिच्या स्वनियमन संस्थेकडे तक्रार करता येते. मरकजच्या वार्तांकनाबाबत अशा तक्रारी झाल्या आणि जून २०२१ मध्ये या संस्थेने दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला, एका इंग्रजी वाहिनीला समज दिली. दंडाची रक्कम वाहिनीच्या दृष्टीने किरकोळ होती. तरीही तक्रारीसाठी कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके आक्षेपार्ह शब्द लिहावे लागतात, आणि ते लिहिता येणे म्हणजेच नीट पाहता येणे. आमच्या वरच्या वर्गांना आम्ही असे एक पत्र दरवर्षी लिहायला लावतो. परीक्षेत त्याला गुण नाहीत, म्हणून काही पालक कुरकुर करतात.

१७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने जमातीच्या लोकांना त्या दिवसांत आपल्याकडे ठेवून घेतल्याबद्दल ७० भारतीयांवर चालू असलेले १६ खटले रद्द केले. पाच वर्षे झाली होती. २०२० मध्ये नववीत असलेली मुले तोवर महाविद्यालयातून बाहेर पडायच्या बेतात आली होती. ज्यांच्या घरी त्या एप्रिलमधली कात्रणे असतील, किंवा वाचनालयात जुने अंक बघण्याची सोय असेल, त्यांनी मुलांना सोबत घेऊन एवढे करावे: एकाच वृत्तपत्राचे एप्रिल २०२० मधले दोन दिवस आणि १८ जुलै २०२५ चा अंक काढावा, बातमी कितव्या पानावर आहे ते लिहावे, आणि कंपासपेटीतली पट्टी घेऊन प्रत्येक बातमीची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी. गुणाकार मुलांनीच करावा.